पितळेचा नट

किसनसिंगचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे तुम्ही माझ्याकडून मोठ्या मनाची वगैरे अपेक्षा ठेवणार नाही. हा हेवा काल-परवाचा नाही. आम्ही दोघं नौदलात गेलो तेव्हापासूनचा आहे आणि मी तो कधी शिळा होऊ दिला नाही.

आम्ही दोघंही आसेगावचे, एकाच वर्गातले. पंच्याऐंशी साली भरतीची जाहिरात दोघांनी एकाच पेपरात वाचली, कारण पेपर एकच होता आणि तोही कटिंगच्या दुकानातला. गावच्या पाझर तलावापेक्षा जास्त पाणी तोवर दोघांपैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. तरी निवड झाली, ट्रेनिंग झालं, आणि दोघांनाही एकच जहाज मिळालं. तेही साधंसुधं नाही, विमानवाहू जहाज. हजार-बाराशे माणसं पोटात आणि विमानं पाठीवर घेऊन फिरणारं.

फरक पडला तो एका रकान्यामुळे. भरतीच्या फॉर्मवर 'इतर शिक्षण' असं लिहिलेलं होतं. मी कारंज्याला आयटीआयमध्ये फिटरचं एक वर्ष काढलं होतं, ते मी हौसेनं लिहिलं. किसनसिंगनं रकाना कोरा सोडला, कारण त्याच्याकडे लिहायला काही नव्हतंच. झालं. मला काम येतं म्हणून बॉयलर रूममध्ये टाकलं, जहाजाच्या तळाशी. त्याला काही येत नाही म्हणून वर डेकवर पाठवलं, विमानांजवळ. चार अक्षरं जास्त शिकलो तिथंच माझं वाटोळं झालं.

वर त्याला रंगीत जाकीट, मोकळा वारा आणि चहूकडे समुद्र. खाली मला भट्टीची धग, मिठाच्या गोळ्या आणि एक काचेची नळी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते त्या नळीत दिसायचं. चार-चार तास तिच्यावर डोळे लावून बसायचं. पाणी कमी झालं तरी घात, जास्त झालं तरी घात. ही नळी पितळेच्या नटांनी घट्ट बसवलेली असायची. ते नट वरचेवर बदलावे लागत आणि स्टोअरवाला जुना नट हातात पडल्याशिवाय नवा देत नसे. त्यामुळे आम्ही खालचे लोक आपापले सुटे नट जिवापाड जपायचो. दुसऱ्यानं ढापू नये म्हणून त्यांच्यावर कानशीनं खुणा करायचो. कोणाचा एक काप, कोणाची फुली. माझ्या तीन रेघा असायच्या.

विमान उडालं की आमच्या डोक्यावर कुठेतरी, टिनावर कोणी पोतं आपटावं तसा दणका बसायचा. "गेलं एक," असं सोबतचा म्हणायचा. माझ्या वाट्याला विमान आलं ते एवढंच. ड्यूटी नसताना एका सज्जातून पाहता यायचं, पण माझी ड्यूटी आणि विमानांचं उड्डाण यांनी आपसात ठरवून घेतलं असावं. कधी जमलं नाही. विमानवाहू जहाजावर वर्षानुवर्षं काढली आणि विमान उडताना पाहिलं नाही, हे मी गावात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता ती गोष्ट, जिच्यावर किसनसिंग आजवर जगत आला.

डेकवरून विमानं उडवण्याआधी एक काम असतं. माणसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून चालतात आणि दिसेल तो खडा, खिळा, तारेचा तुकडा वेचतात. जेट विमानाचं इंजिन समोरचं सगळं आत ओढून घेतं. त्यात एवढासा नट गेला तरी आतली पाती तुटतात, मग विमान आणि वैमानिक दोन्ही समुद्रात. गोजराला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे निंदणीची पातच म्हना नं." शेतात तण काढायला बायका ओळ धरून सरकतात, अगदी तीच. फक्त पातीत उभं राहण्याआधी खिसे रिकामे करायचे, पेनसुद्धा ठेवायचा नाही, असा कडक नियम.

एकोणनव्वद साली एका सकाळी वर माणसं कमी पडली म्हणून खालच्या चौघांना बोलावलं. मी ड्यूटी संपवून निघालोच होतो. तेलकट कपड्यांनिशी तसाच शिडी चढत धावलो, न जाणो दुसरा कोणी पुढे जायचा. पहिल्यांदाच विमानं इतक्या जवळून पाहिली. खाली बघून चालायचं सोडून मी वरच बघत होतो, हे खरं सांगतो. पात संपली आणि हुकूम झाला, खालचे खाली जा. उडायला दहा मिनिटं होती आणि मला शिडी दाखवली! वळून पाहिलं तर किसनसिंग विमानाच्या चाकाजवळ कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याला कोणी खाली जा म्हणत नव्हतं.

आणि त्याच दहा मिनिटांत तो हिरो झाला. इंजिन सुरू झालं होतं. विमानाच्या पुढ्यात त्याला काहीतरी चमकलं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर आडवे करून उड्डाण थांबवलं, पोटावर सरपटत जाऊन ती वस्तू उचलली. नट होता. संध्याकाळी जहाजाच्या लाउडस्पीकरवर त्याचं नाव घेतलं. साहेबांनी नट मागितला, कोणाचा निष्काळजीपणा आहे ते शोधायला. हा म्हणाला, "घाईत समुद्रात फेकला." पुरावा फेकला म्हणून शाबासकीबरोबर शिक्षाही झाली, बढती दीड वर्ष लांबली. माझी मात्र त्याच वर्षी वेळेवर झाली. आयुष्यात तेवढी एक गोष्ट मला त्याच्याआधी मिळाली.

त्या संध्याकाळी मेसमध्ये सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते. मी माझी एक वस्तू हरवली म्हणून कोपऱ्यात एक-दोघांना विचारत होतो. हा गर्दीतून उठून आला, माझा दंड धरला आणि दातओठ खाऊन म्हणाला, "चूप बस. इथं कोनाले काई इचारू नोको. जा, झोप."

नाव लाउडस्पीकरवर आलं आणि अर्ध्या दिवसात माणूस एवढा चढला! गावचा मित्र, एका ताटात जेवलेला. मी तिथंच ठरवलं, याच्याशी कामापुरतं बोलायचं. नंतर काम राहिलं नाही, तेव्हा बोलणंही राहिलं नाही.

दोन हजार साली दोघंही पेन्शन घेऊन गावात आलो. त्याचं घर शाळेजवळ, माझं मारुतीच्या पाराजवळ. लोक सुरुवातीला मलाही विचारायचे, "जहाजावर इमान कसं उतरते हो?" मी बॉयलरपासून सुरुवात करायचो. नळीपर्यंत येईस्तोवर ऐकणाऱ्याला घरी काम आठवायचं. किसनसिंग मात्र एसटी स्टँडवर दोन्ही हात पसरून विमान उतरवून दाखवायचा आणि कंडक्टरसुद्धा घंटी मारायचं विसरायचा. एकदा शिरपूरला लग्नात माझ्या डोळ्यांदेखत गोजरा त्याला म्हणाली, "भाऊजी, थे नटाची गोष्ट सांगा नं." माझी बायको! मी तिथून उठून भाताच्या रांगेत उभा राहिलो.

दर वर्षी चार डिसेंबरला, नौदल दिनाला, शाळा त्याला बोलावते. शाल, नारळ, मुलांच्या टाळ्या. मी तिसऱ्या रांगेत बसतो. न जावं तर लोक म्हणतील जळतो. आणि मी जळतोच, पण लोकांनी का म्हणावं?

यंदा जे झालं ते माझ्या नातीच्या वहीपासून. संस्कृती आठवीत आहे. 'माझा आदर्श' या विषयावर तिनं निबंध लिहिला, तो वर्गात पहिला आला आणि चार डिसेंबरला स्टेजवरून वाचायचा ठरला. वही ओट्यावर पडली होती. मी चष्मा लावून उघडली. पहिलंच वाक्य, 'माझे आदर्श किसनसिंग आजोबा आहेत.' दोन पानं तो नट, ते सरपटणं, ते समुद्रात फेकणं. दुसऱ्या पानाच्या तळाशी मी होतो. 'माझे आबासुद्धा त्याच जहाजावर होते. ते पाणी बघायचे.'

पाणी बघायचे! जसा काही मी काठावर पाय सोडून बसलो होतो.

"बाई," मी तिला विचारलं, "घरात एक नौसैनिक हाय, थो तुले दिसला नाई?"

"आबा, तुमी त खालीच होते नं," ती म्हणाली. रागानं नाही, समजुतीनं म्हणाली, तेच जास्त लागलं. "तुमच्यावर काय लिहू? तुमी काई केलं असन त सांगा."

मी रात्रभर आठवत राहिलो. सांगण्यासारखं काही सापडलं नाही. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती, त्या वहीतलं नाव खोडलं जावं. माझं नाही लिहिलं तरी चालेल, पण त्याचं नको. एका लेकराच्या निबंधासाठी साठीला टेकलेला माणूस असा तळमळतो, हे मलाही शोभत नव्हतं. पण तळमळलो.

चार डिसेंबरला शाळेच्या मैदानात मांडव टाकला होता. किसनसिंगची सून निता त्याच शाळेत मास्तरीण आहे. तिनं यंदा हौसेनं सासऱ्याची जुनी पेटी उघडून टेबलावर प्रदर्शन मांडलं होतं. टोपी, फोटो, फिकं पडलेलं जाकीट, आणि मधोमध प्लास्टिकच्या डबीत काहीतरी. समोर चिठ्ठी होती, 'हाच तो नट!'

किसनसिंग स्टेजवर चढला, त्याची नजर टेबलावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. मी तिसऱ्या रांगेतून सगळं पाहत होतो. त्याचा चेहरा वाचण्यात माझ्याएवढा तरबेज माणूस जिल्ह्यात नसेल. तो नितापाशी जाऊन काहीतरी पुटपुटला. तिनं हसून माइक घेतला.

"बाबा आजवर आपल्याला सांगत आले की नट समुद्रात फेकला. पण पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला हा नट मला सापडला, कागदावर त्याच दिवसाची तारीख आहे! बाबांनी तो जपून ठेवला होता. सगळ्यांनी बघा."

संस्कृतीनं निबंध वाचला. खणखणीत वाचला. 'ते पाणी बघायचे' या वाक्याला मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. तोवर डबी हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली.

मी पाहिलं आणि माझ्या अंगात वीज खेळली. पितळ! विमानाला असला नट कुठंच नसतो. ही जाडी, हे आटे, ही काठाची गोलाई, अशा शेकडो नटांना मी पाना लावलेला आहे. हा आमच्या बॉयलरचा नट होता, पाण्याच्या नळीचा. डेकवर त्याचं काय काम? म्हणजे या गड्यानं आमच्या बॉयलर रूममधून कधीतरी एक नट लांबवला, तारखेच्या कागदात बांधला आणि त्यावर हिरो झाला; डेकवर सापडलेला नट दुसऱ्या कोणी पाहिला तरी कुठे होता? मी उभा राहिलो.

"एक मिनिट, मॅडम," मी मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडमना म्हणालो. "मले बोलाचं हाय."

"मारोत," स्टेजवरून किसनसिंग म्हणाला, "बस खाली."

कित्येक वर्षांनी त्यानं मला नावानं हाक मारली होती, आणि तीही गप्प बसवायला. मेसमधली ती संध्याकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आली.

"काहून बसू? आज नाई बसत मी." मी डबी उंच धरली. "लेकरांनो, हा नट इमानाचा नाई. डेकवरच्या कोनत्याच सामानाचा नाई. हा बॉयलर रूमचा नट हाय. मी थ्याच्यासंगं धा वर्सं काढले, मले कोनी शिकवू नोका. हा नट बॉयलरच्या बाहीर जात नाई. मंग थो डेकवर कसा गेला, हे किसनसिंगनं सांगावं. अन् समुद्रात फेकला व्हता त पेटीत कसा आला, थे बी सांगावं."

मांडवात कुजबुज सुरू झाली. निताचा चेहरा पांढरा पडला. ज्योत्स्ना मॅडमनी किसनसिंगकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, एकटक, डोळ्यांनीच काहीतरी विनवत असल्यासारखा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. घाबरला, मी मनात म्हटलं, अखेर घाबरला.

मग त्यानं माइक जवळ ओढला.

"मारोतराव बरोबर बोलून राह्यले," तो म्हणाला. "नट बॉयलरचाच हाय. मी आठवन म्हनून आनला व्हता. डेकवर नट-बिट काई सापडला नोता. थे गोष्ट मी... वाढवून सांगत व्हतो. माफ करा."

पहिल्या रांगेतला बाबूलाल सावजी, जो किसनसिंगला दर वर्षी स्वतःच्या खर्चानं शाल देतो, खाली मान घालून चपलेकडे बघू लागला. स्टेजच्या कोपऱ्यात वही छातीशी धरून संस्कृती उभी होती. ती आधी किसनसिंगकडे बघत होती, मग माझ्याकडे बघू लागली. आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी तिच्या जन्मापासून कधी पाहिलं नव्हतं. आपला आबा खरा निघाला, हा अभिमान. जिंकलो होतो मी. पूर्ण जिंकलो होतो.

जिंकलेल्या माणसाला थोडं मिरवावंसं वाटतं. मी डबीचं झाकण काढलं, नट तळहातावर घेतला आणि जुन्या सवयीनं अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला.

एक रेघ लागली. दुसरी लागली. तिसरी लागली.

मी पुन्हा फिरवला. तीनच होत्या. तिरक्या, मधली जरा जास्त खोल, कारण मी कानस नेहमी मध्ये जोरात दाबायचो.

त्या दिवशी मेसमध्ये मी हाच नट शोधत होतो. ड्यूटीवर बदलायला घेतला होता, घाईत खिशात टाकला आणि तसाच वर धावलो. खिसे रिकामे केले नाहीत. विमानं बघत चाललो. नट हरवल्याचं संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा वाटलं, बॉयलरखालच्या पाण्यात पडला असेल. जो तो म्हणत होता, डेकवरचा नट विमानाचाच असणार, तर मीही तेच धरून चाललो. पुढे छत्तीस वर्षं मी त्या संध्याकाळी झालेला अपमान आठवला, नट एकदाही आठवला नाही.

आणि मी मेसमध्ये विचारत होतो, माझा तीन रेघांचा नट कोणी पाहिला का म्हणून. दोन टेबलं सोडून चौकशीचे साहेब बसलेले असताना. किसनसिंगला माझी खूण ठाऊक होती, मीच त्याला दाखवली होती. 'चूप बस. इथं कोनाले काई इचारू नोको.'

नोकरी गेली असती माझी. कदाचित त्याहून वाईट झालं असतं.

आता सगळं सोपं होतं. नट डबीत टाकायचा, झाकण लावायचं आणि खाली बसायचं. संस्कृती घरी जाऊन वहीतलं नाव खोडणार होती. किसनसिंग एक शब्द बोलणार नव्हता. इतकी वर्षं बोलला नाही, उरलेली पाच-दहा वर्षं कशाला बोलेल? मी त्याच्याकडे पाहिलं. तो सत्कारात मघाशी मिळालेली शाल खांद्यावरून काढून तिची घडी घालत होता, परत द्यायला.

आणि मला काय वाटलं सांगू? लाज वाटली, पण ती नंतर. आधी हेवा वाटला, असा की छातीत कळ आली. या माणसानं माझ्यापायी तेव्हा वेळेवरची बढती सोडली, आणि आता सगळ्या गावासमोर, सुनेसमोर, आपलं नाव सोडून दिलं. तेही अशा बेतानं की कोणाला कळूच नये. जहाजावर तो वर आणि मी खाली, ते नशीब होतं. इथंही तोच वर आणि मीच खाली? एवढं मोठेपण मी त्याला एकट्याला घेऊ देणार नव्हतो.

"मॅडम," मी म्हणालो. "किसनसिंग खोटं बोलून राह्यला. आता बोलून राह्यला थे खोटं हाय. आंधीचं खरं व्हतं."

"मारोत!" तो ओरडला.

"हा नट डेकवरच सापडला व्हता. यानं समुद्रात फेकला नाई, लपवला. कारन हा नट माया हाय." मी नट वर धरला, इतक्या लांबून कोणाला रेघा दिसणार नव्हत्या तरी. "ह्या पाहा तीन रेघा, माया हातच्या. माया खिशातून पडला. खिसे खाली कराचे व्हते, मी केले नाई, कारन मले इमान पाहाची घाई झाली व्हती. वैमानिक मेला असता माया हातानं. यानं इमान वाचवलं अन् मले बी वाचवलं. अन् मी याच्याशी बोलनं सोडलं."

मी खाली बसलो.

मग किसनसिंगच भडकला. घडी घातलेली शाल त्यानं टेबलावर आपटली.

"छत्तीस वर्सं पोटात ठेवलं मी हे! घरच्या मान्साले नाई सांगतलं. अन् तू दोन मिन्टात वकून टाकलं, बैताडा!"

पोरं खो खो हसली. हसता हसता टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या कोणासाठी होत्या, हे सांगायची गरज नाही. बाबूलाल सावजी तर उठून उभा राहिला. ज्योत्स्ना मॅडम डोळे पुसत होत्या. कबुली मी दिली होती, पण शाल पुन्हा त्याच्याच खांद्यावर पडली. मी टाळ्या वाजवल्या. वाजवताना पोटात दुखत होतं, पण वाजवल्या.

संस्कृती स्टेजवरून उतरून माझ्याजवळ आली. मघाचं ते डोळ्यांतलं गेलं होतं. मी मुद्दाम पाहिलं, गेलंच होतं. तिनं वही उघडली, माझ्या गुडघ्यावर ठेवून शेवटच्या ओळीपुढे पेन टेकवला.

"आबा, लिहू का?"

"लिही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं तळाशी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'नट त्यांचाच होता. त्यांनी स्वतः सांगितलं.' मग थोडा विचार केला आणि 'स्वतः' या शब्दाखाली रेघ ओढली. आदर्शाच्या जागी नाव किसनसिंगचंच राहिलं.

मांडव रिकामा झाला. सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. मी टेबलापाशी जाऊन नट डबीत ठेवला. किसनसिंग खुर्चीवर बसून चहा पीत होता. त्यानं डबी उघडली, नट काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घे. तुयाच हाय."

"राहू दे तुयाजवळ. तूच सांभाळला."

"घे म्हनतो नं. तुले द्याचाच व्हता मले." त्यानं कप खाली ठेवला. "मुंबईले उतरल्यावर देऊ म्हटलं. मंग गावी आल्यावर देऊ म्हटलं. तारीख टाकून बांधून ठेवला. पन तू बोलून कुठी राह्यला व्हता?"

मी नट घेतला आणि खिशात टाकला. चार पावलं चाललो. मग पुन्हा बाहेर काढला आणि घरापर्यंत मुठीत धरून नेला. माझ्या खिशाचा भरवसा नाही.